भावी नगरसेवकांनो, आधी प्रभाग किती जणांचा ते ठरवा, चेंबर कुठं पळून जातंय

आपल्या सोलापुरात प्रत्येक घरात एक भावी नगरसेवक असतो. खोटं वाटत असेल तर सात रस्त्यावरून आसरा चौकापर्यंत गाडीवर जावा आणि खांबावरचे फ्लेक्स मोजा. त्यामुळं तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमचापण कुठंतरी एक फ्लेक्स लागलेला असणार, गॉगल घालून, हात जोडून, खाली पंचवीस मित्रांचे फोटो. आज ना उद्या तुम्ही सभागृहात बसणार. आणि बसलात की कधी ना कधी तो विषय निघणारच: प्रभाग एकाचा का चौघांचा, म्हणजे एका प्रभागातून नगरसेवक किती, नकाशा कसा असावा, महापौर थेट जनतेतून द्यावा का नगरसेवकांतून. त्या दिवशी तुमची धांदल उडू नये म्हणून हे सल्ले देतोय. फुकट आहेत. गेल्या पंधरवड्यात माझ्या दारापुढच्या ड्रेनेजच्या चेंबरनं जे शिक्षण दिलं त्यातून आलेत.

पहिलं म्हणजे घाबरू नका. हे नियम बदलायचा अधिकार सभागृहाला नाहीच. कायदा बदलणार विधिमंडळ, निवडणूक घेणार राज्य निवडणूक आयोग. तुम्ही फक्त ठराव करायचा आणि शासनाकडं शिफारस म्हणून पाठवून द्यायचा. म्हणून तर हा विषय सोन्यासारखा आहे. तीन तास बोला, टेबल बडवा, सभात्याग करा, बाहेर येऊन कॅमेऱ्यापुढं परत तेच बोला, एक रुपयाची जबाबदारी अंगावर येत नाही. पाण्यावर बोललात तर उद्या कुणीतरी विचारणार, की उजनी भरली तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसाआड का? नियमांवर बोललेल्या माणसाला असलं काही कोण विचारत नाही.

भाषणाची सुरुवात चार हुतात्म्यांपासून करायची. १२ जानेवारी १९३१ ही तारीख पाठ करा, येरवड्याच्या फाशीपाशी आवाज थोडा बसवायचा, मग पाणी प्यायचं आणि प्रभागावर यायचं.

आता महत्त्वाचं. प्रभाग किती जणांचा, याचं उत्तर दोन निवडणुकांत सारखं येता कामा नये. जुन्या लोकांकडून शिका. २००२ ला तिघांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. मग सरकार बदललं, डिसेंबर २०१९ मध्ये ठरलं की एकाचाच बरा. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच सरकारला वाटलं की तिघांचा बरा. नकाशे निघाले, हरकती मागवल्या, सुनावण्या झाल्या, लोक स्कूटरवर बसून बॉर्डरी बघून आले, आमच्या गल्लीतल्या एका भावी नगरसेवकानं तर तिघांच्या हिशोबानं दोन जोडीदार पण शोधून ठेवले होते. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परत नवीन सरकारनं सांगितलं, चारच. गेले ते जोडीदार. माझी आई त्याच घरात राहून, त्याच शाळेत जाऊन प्रत्येक वेळी वेगळ्या पद्धतीनं मत देऊन आली. कारण विचारलं तर दरवेळी एकच, लोकशाही बळकट करायची आहे. म्हणजे किती कमकुवत असेल बघा बिचारी.

खरं कारण कुणी लिहून देत नाही पण पानटपरीवरच्या पोरालापण ठाऊक आहे. प्रभाग लहान असला की माणूस चालतो, मोठा केला की चिन्ह आणि पाकीट चालतं. २०११ च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखाचं, प्रभाग २६. भागाकार करा, एकेका प्रभागात छत्तीस-सदतीस हजार लोक. एवढ्यांची दारं एकटा अपक्ष वाजवणार कधी? वाजवूच नये म्हणून तर.

नकाशा काढताना नाला, रेल्वे लाईन, मोठा रस्ता या नैसर्गिक हद्दी पाळायच्या असतात. तुम्ही मागच्या वेळची मतं पाळा.

मतदार यादीचा विषय निघाला तर हसून टाळायचा. माझं नाव शेजारच्या प्रभागात, भावाचं या प्रभागात, आमच्या दोघांची भिंत एक आहे. यादीसाठी १ जुलै २०२५ ही तारीख धरली होती, आमचा पुतण्या ऑगस्टमध्ये अठराचा झाला, त्यानं मतदानाच्या दिवशी सगळ्यांना बूथवर नेऊन सोडायचं पुण्य केलं. दुबार नावांपुढं दोन-दोन चांदण्या छापल्या होत्या. तेवढंच आकाश दिसलं.

मतदान कसं सोपं करायचं यावर कोण बोलायला लागलं तर मात्र लगेच विरोध करा. १५ जानेवारीला, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या गर्दीत, मी आईला घेऊन गेलो. वय ७६. प्रभागातल्या जागा चार, अ ते ड. अ साठी पांढरा कागद, ब साठी गुलाबी, क साठी पिवळा, ड साठी निळा, चार बटणं दाबायची. तिनं दोन दाबली आणि पदर सावरत बाहेर निघाली. आतून ओरडले, "आज्जी, अजून दोन राहिलेत!" परत गेली. मशीन गप्प. परत ओरडले, "आज्जी, अजून एक!" रांगेतले लोक हसायला लागले. शेवटी ते लांबलचक पीईई वाजलं तेव्हा तिनं मला विचारलं, "एवढी चार माणसं कशाला रे लागतेत? आधी एकालाच देत होतो की." मी म्हणलं, "आई, चौघं मिळून जास्त काम करतील."

हे मी बोललो होतो. माझ्या तोंडानं. म्हणून पुढचा सल्ला जरा लांब होणार आहे, समजून घ्या.

चौघांचा प्रभाग का चांगला, असं सभागृहात कुणी विचारलं तर माझं उदाहरण द्या. आमच्या गल्लीच्या तोंडाला चेंबर आहे, त्याचं झाकण फुटून आत पडलं. कुणीतरी बाभळीची फांदी खोवली, तिला लाल चिंधी बांधली, झाला आपला सिग्नल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकूंची नात सायकल घेऊन त्यात जाता जाता वाचली, पुढचं चाक आत, पोरगी बाहेर. मी म्हणलं काळजी कशाला, आपल्याकडं आता चार-चार आहेत.

'अ' अण्णांकडं गेलो. पोर्चमध्ये चप्पल काढून बसलो, चहा आला, माणूस गोड. "मालक, तुमची गल्ली आमच्याकडं येत नाही बघा. आम्ही चौघांनी भाग वाटून घेतलेत, ते 'ब' ताईंकडं हाय." म्हणलं अण्णा, मत तर मी चारही रंगांना दिलंय, हे वाटप कधी झालं, कुठल्या कायद्यात आहे? अण्णा हसले. "समजून घ्या की."

'ब' ताईंकडं गेलो तर ताई दिसल्याच नाहीत, ताईंचे मिस्टर भेटले. "मला सांगा, मीच बघतो सगळं." अर्ध्या जागा बायकांना आहेत, ताई निवडून आल्यात, ताईंचा फोटो दारावर आहे, आणि डायरी मिस्टरांच्या हातात. त्यांनी चेंबर लिहून घेतलं, खाली दोनदा रेघ मारली आणि म्हणाले, "पण त्या लाईनचं काम 'ड' दादांनी सुचवलेलं हाय. आम्ही हात घातला तर त्यांना वाटेल आम्ही क्रेडिट खाऊलालोय." 'क' च्या ऑफिसला तीनदा गेलो, तिन्हीदा कुलूप, वर बोर्ड, जनसंपर्क कार्यालय, २४ तास आपल्या सेवेत. मग 'ड' दादांना फोन लावला, तो उचलला एका पोरानं. मी सगळं सांगितलं, झाकण, सायकल, पोरगी. तो म्हणाला, "बूथ कुठला तुमचा?" मी सांगितला. फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. खरंच आला, मी ऐकला. मग म्हणाला, "तुमच्या बूथवर दादाला लई कमी पडलेत की बे."

बे! चेंबरचं झाकण मागितलं तर मतांचा हिशोब. शेवटी झोन ऑफिसला गेलो, तिथले साहेब सज्जन, म्हणाले नगरसेवकाचं पत्र आणा. म्हणलं चौघांपैकी कुणाचं? म्हणाले, ज्यांच्या निधीतून करायचंय त्यांचं. आणि तिथून मी परत अण्णांच्या पोर्चमध्ये. चहा परत आला. चहाला मात्र चौघांचा प्रभाग खरंच चांगला आहे.

तर सभागृहात सांगा, चार असले की कामाची विभागणी होते. कामाची नाही हो, नकाराची. एक असला तर निदान त्याची कॉलर धरता येते, चौघांत कॉलर कुणाची धरायची यावरच दिवस जातो, आणि हे चुकून झालेलं नाही, एवढं न कळायला आम्ही काय गड्ड्यात हरवलेली पोरं आहोत का?

हरलात तरी निराश होऊ नका, स्वीकृत नगरसेवक म्हणून, मतं न मागता या. आधी पाचच घ्यायचे, आता कायदा बदलून दहापर्यंत केलेत. बघा, नियम पटकन बदलतात, फक्त कुणासाठी ते बघायचं.

आणि सगळ्यात भारी नियम शेवटी सांगतो, निवडणूकच घेऊ नका. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली, पुढचं मतदान २०२६ च्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नाही, प्रशासक एकटा. संविधानात पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या म्हणून लिहिलंय, ते राहिलं लिहिलेलं. ओबीसी आरक्षणाचा खटला होता, मान्य. प्रभागाचा खटला होता, तोपण मान्य. पण ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं, तरी मुदतवाढ लागलीच, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत. त्या चार वर्षांत तुम्ही भावी लोक काय करत होता? मी सांगतो. फ्लेक्स लावत होता. वाढदिवस करत होता. निवडणूक घ्या म्हणून एकानं तरी महापालिकेच्या इंद्रभवनासमोर एक दिवस उपाशी बसून दाखवलं का? ज्या गावानं १९३० ला मार्शल लॉ सोसला त्या गावाचं मत चार वर्षं काढून घेतलं आणि कुणाला काही वाटलं नाही. मलापण नाही. मीपण घरात बसून शेंगाचटणी-भाकरी खात होतो, खोटं कशाला बोलू.

पण आता सल्ले बस झाले. सरळ सांगतो. प्रभाग एकाचा करा, दोघांचा करा, नाहीतर सगळ्या सोलापूरचा एकच करून १०२ जण त्यात बसवा, आम्हाला काही घेणं नाही. तुमची चर्चा तुमच्या तिकिटाची आहे, आमच्या दाराची नाही. नकाशा काढणाऱ्यांपैकी एकालातरी त्या नकाशात चेंबर दिसलं का? आमच्याकडं मागायला येताना तुम्हाला गल्ली बरोबर सापडते, घर नंबर पाठ असतो, आईच्या गुडघ्याची चौकशीपण करता, आणि निवडून आलात की गल्ली कुणाच्या वाटणीची हे कळत नाही? लाज वाटली पाहिजे. चौघांत वाटून घ्या हवी तर, पण वाटू द्या थोडी.

परवा रात्री मी आणि शेजारच्या काकांनी छपराचा जुना पत्रा आणून त्या चेंबरवर टाकला, वर दोन दगड ठेवले. तो आमचा पत्रा आहे, आमचे दगड आहेत. त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायला चौघांपैकी एकानंही यायचं नाही.