मन मोकळं करा, सगळ्या परवानग्यांसकट

सोयाबीन पेरायच्या आधी मराठवाड्यातला माणूस ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो. सत्तराच्या खाली उगवले, तर ते बियाणं रानात जात नाही. मनाच्या आरोग्याचं ॲप घेताना मात्र असल्या चिकित्सेत पडू नका. कमळाचं चित्र दिसलं की डाउनलोड करा.

चांदण्या ४.८ असल्या की प्रश्नच मिटला. एका चांदणीवाल्यांचे अभिप्राय उघडू नका. 'पैसे कापले, परत मिळेनात' हे तिथंच लिहिलेलं असतं, उगाच मन खट्टू होईल.

ॲप कॉन्टॅक्ट, माइक, लोकेशन मागेल. द्या. श्वास मोजायला मेव्हण्याचा नंबर लागतोच! प्ले स्टोअरवरचा 'डेटा सेफ्टी' हा रकाना ॲपवाल्यांनीच भरलेला असतो. नवरदेवाच्या निर्व्यसनीपणाचा दाखला, खाली सही नवरदेवाचीच. यावर सोयरीक जुळवायला हरकत नाही.

प्रायव्हसी पॉलिसीत 'जाहिरात' आणि 'थर्ड पार्टी' हे दोन शब्द शोधायला दोन मिनिटं लागतात, तेवढी वाया घालवू नका. अमेरिकेत ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प कंपनीनं माहिती गुप्त ठेवू असं सांगून लोकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली उत्तरं फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातींसाठी पुरवली, असा ठपका फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं ठेवला. २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरावे लागले. पण ते तिकडं. आपलं दुःख विकत घेणार कोण?

'सात दिवस फुकट' म्हणताच ऑटोपेला होकार द्या. आठव्या दिवशी वर्षाचे पैसे एकदम गेले, तर चिडून ॲप काढून टाका. त्यानं सदस्यत्व रद्द होत नाही, ते प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन करावं लागतं. साठवलेली माहितीही जात नाही, त्यासाठी खातं वेगळं डिलीट करावं लागतं. एवढा कुटाणा कोण करतो?

समुपदेशकाचं नाव, शिक्षण विचारणं म्हणजे अपमान. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिलंय ना, मग भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का, हे कशाला पाहायचं? 'माइंड कोच'ला तर नोंदणीची कटकटच नाही.

चॅटबॉटची उगवण तर मुळीच तपासू नका. बरे असताना त्याला एकदा 'जीव नको झालाय' असं लिहून पाहिलं आणि 'आजच्या तीन छान गोष्टी लिहा' असं उत्तर आलं, तर वर्षाचे पैसे कसे भरवतील?

राहता राहिली मनाच्या आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस, १४४१६. २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. त्याला ना कमळ, ना प्रीमियम. तिथं बोलायला माणूसच असतो, आणि तो श्वास मोजायला लावायच्या आधी 'आत्ता जवळ कोण आहे?' असंही विचारू शकतो.