एका दिवसात एलटी (लॅब टेक्निशियन) तयार करण्याची सोपी रीत

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीच्या एकदिवसीय प्रशिक्षणाचं आयोजन तुमच्या गळ्यात पडलंय? मग परवा जिल्ह्याला झालेल्या ट्रेनिंगचा नमुना डोळ्यासमोर ठेवा आणि निर्धास्त राहा. अर्धं काम पत्रातच होऊन जातं.

सोमवारच्या प्रशिक्षणाचं पत्र शनिवारी सायंकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडा. फोटो असा वाकडा काढा की सही-शिक्का ठळक दिसेल आणि ठिकाण तेवढं कापलं जाईल. भामरागडच्या माणसानं सकाळी दहाला गडचिरोली कसं गाठायचं, ते त्याचं तो आणि एस.टी. बघून घेतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात एलटी एकच असतो, तो इकडे आला की तिकडची लॅब बंद, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणूनच 'केंद्राचे कामकाज बाधित होणार नाही याची दक्षता घ्यावी' ही ओळ विसरू नका.

साहेब पावणेबाराला येतील. तोवर कोणाला काही शिकवू नका, अपमान होतो.

दीपप्रज्वलनाला वात विझते, तेव्हा पंखे बंद ठेवा. मे महिना असला तरी चालेल, विदर्भातल्या माणसाला सवय असते.

खुर्च्या रिकाम्या दिसत असतील तर फार्मासिस्ट, एक्स-रे टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट, जो सापडेल तो बसवा. स्लाइड सगळ्यांना त्याच.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचा पेपर एकच ठेवा आणि उत्तरचाचणीआधी उत्तरं वाचून दाखवा. अहवालात ज्ञानवृद्धीचा स्तंभ कसा छान उंच जातो!

आता प्रात्यक्षिक. ते जेवणानंतर ठेवा, पंधरा मिनिटं. टेबल एक, ट्यूब एक, भोवती साठ माणसं. पुढच्या पाचांना ट्यूब दिसते, बाकीच्यांना पुढच्यांच्या पाठी. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलची पहिली चाळणी, तशी सोपीच ना? दोन मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटं थांबा, मागे काळ्या रेघांचं कार्ड धरा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. एवढं स्लाइडवर मावतं, म्हणून एवढंच सांगायचं. नेमकं चुकतं कुठे, ते मावत नाही म्हणून सांगायचं नाही.

द्रावणातली डायथायोनाइटची पावडर हवा-ओलावा लागला की निकामी होते, हे सांगू नका. झाकण सैल राहिलं, लाइन गेल्यावर फ्रिज दिवसभर बंद राहिला, बाटलीवर द्रावण बनवल्याची तारीखच नाही, की द्रावण मेलं. मेलेल्या द्रावणात पॉझिटिव्ह रक्तही स्वच्छ दिसतं, रेघा झकास दिसतात आणि रजिस्टरवर 'निगेटिव्ह' चढतं. म्हणून दर वेळी सोबत एक ओळखीचं पॉझिटिव्ह आणि एक ओळखीचं निगेटिव्ह रक्त लावायचं असतं. हे कंट्रोल आणायचं कुठून? एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या पक्क्या तपासणीचा) रिपोर्ट आधीच हातात असलेल्या माणसाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए ट्यूबमधल्या नमुन्यातून. दिवसभरात यावर एक वाक्य नाही!

हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर २० मायक्रोलिटर रक्त पुरत नाही, दुप्पट घ्यावं लागतं. आपल्याकडच्या गरोदर बायांमध्ये रक्तक्षय काय दुर्मिळ आहे? उलट, घाईत रक्त जास्त पडलं तर नसलेला सिकल दिसू शकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून असतं, तिथे या टेस्टच्या निगेटिव्हला अर्थ नाही. नुकतंच रक्त चढवलेल्याचंही तेच. मायक्रोपिपेट बिघडली तर हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या पिपेटवर २० ची खूण असतेच, हे सांगायला किती वेळ लागतो? आणि ट्यूब गढूळ झाली म्हणजे माणूस वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) आहे की रुग्ण, हे ही टेस्ट सांगतच नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. तो नमुना कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं, बर्फात कसा पाठवायचा, हे विचारलं तर उत्तर काय? "पुढच्या सत्रात घेऊ." पुढचं सत्र समूहछायाचित्राचं होतं.

प्रमाणपत्रावर नाव चुकवा. निदान मोबाइल नंबर तरी बरोबर टाका, लिंक पाठवायला लागतो.

बस्स, आता पुरे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं, चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली, २०४७ पर्यंत निर्मूलन म्हणतात. हे सगळं तुमच्या पहिल्या दहा स्लाइडमध्ये होतं. ती तपासणी ज्याच्या हातून होणार, त्याच्या हातात तुम्ही दिवसभरात एक पिपेट दिली नाही. वाहक मुलीला निगेटिव्ह म्हणून पाठवलं, तिचं लग्न वाहकाशीच झालं, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता सिकलग्रस्त बाळाची. तेव्हा त्या घरी कोण जाणार, तुम्ही की तुमचा पुष्पगुच्छ?

आठ-आठ जणांना बोलवा, ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये, दोन तास. प्रत्येकाला तीन ट्यूब द्या: एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, एक मुद्दाम खराब केलेल्या द्रावणाची. फार्मासिस्टला त्याचं हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलच्या औषधाचं वेगळं शिकवा, त्याला ट्यूब बघत बसवू नका. हार-तुऱ्यांच्या पैशात पिपेटच्या टिप्स आणि रेघांची कार्डं आणा. आणि मागच्या ट्रेनिंगची टीए (प्रवासभत्ता) बिलं अजून तुमच्याच टेबलावर आहेत, ती आधी काढा.