डिप्परचा फोकस वर केला की ट्रॉली लांबून दिसते? नाही दिसत

ऊसाचा सीझन सुरू झाला की आमच्या सांगलीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात असा: "कंपनी हेडलाइटचा फोकस मुद्दाम खाली ठेवते. गाडी भिंतीसमोर लावा, दिव्याच्या मागचे स्क्रू फिरवा आणि उजेडाची वरची रेघ दिव्याच्या उंचीला आणा. डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं चाक शून्यावर ठेवून विसरून जा. कुठल्याही नवीन गाडीला चालतं, दहा मिनिटांचं काम, ऊसाची ट्रॉली लांबूनच दिसेल."

यातली फोकस घरी सेट करता येतो एवढी एकच गोष्ट खरी आहे, आणि त्या एका खऱ्यामुळंच बाकीचं सगळं खपतंय. माझ्या मेव्हण्यानं हे वाचून केलंय आणि आता समोरून येणारा प्रत्येकजण त्याला डिप्पर मारतो.

मागची भीती खोटी नाही. तासगाव रोडला रात्री दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊसाची टोकं बाहेर आलेली, आणि नेमकी समोरून गाडी आली म्हणून आपण डिप्परवर म्हणजे खालच्या, जवळच्या उजेडावर असतो, हे मी स्वतः अनुभवलंय, ब्रेक लागला म्हणून वाचलो. पण उपाय चुकीचा आहे.

"मुद्दाम खाली ठेवतात" हे घ्या पहिलं. बऱ्याच गाड्यांच्या दिव्यावर किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर दिव्याचं छोटं चित्र आणि शेजारी टक्केवारी छापलेली असते, बहुतेक १ टक्का किंवा थोडी जास्त. म्हणजे उजेडाची वरची रेघ, जिथं उजेड संपून अंधार सुरू होतो ती, १० मीटरवर दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटीमीटर खाली. माझ्या गाडीचा दिवा जमिनीपासून ६८ सेंटीमीटरवर आहे, म्हणजे सपाट रस्त्यावर ती रेघ ६८ मीटरवर जमिनीला टेकते. कायद्यातही केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की पुढचा उजेड समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा खाली वळलेला किंवा खाली वळवता येणारा पाहिजे. हा खालीपणा ठरवून दिलेला आहे, कंजूषपणा नाही.

आता रेघ दिव्याच्या उंचीला आणली तर काय होतं? घरासमोर उभ्या गाडीत काहीच वाईट दिसत नाही, तिथंच माणूस फसतो. साध्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण अडीच मीटर. मागं दोन माणसं बसली, डिकीत तांदळाची दोन पोती टाकली आणि मागची बाजू फक्त अडीच सेंटीमीटर दबली, की नाक १ टक्का वर उठलं. आधी सपाट केलेली रेघ आता वर चाललीय, ५० मीटरवर ती ६८ अधिक ५० म्हणजे ११८ सेंटीमीटरला पोचते. समोरच्या कारवाल्याचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात ओ! तो दोन सेकंद आंधळा होऊन तुमच्याकडंच येतोय. आणि तुम्हाला मिळालं काय, तर सगळ्यात जोरदार उजेडाचा भाग वर सरकल्यामुळं जवळचा रस्ता, खड्डा, साइडपट्टीची कड उलट मंद झाली.

म्हणूनच डॅशबोर्डवरचं ते लेव्हलिंगचं चाक शोभेचं नाही. शून्य म्हणजे पुढं एक-दोन माणसं असतानाचं, मागं लोक बसले, डिकी भरली की एक, दोन असं वाढवायचं, तसा फोकस खाली येतो. कुठल्या वजनाला कुठला आकडा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. सेटिंग करताना मात्र शून्यावरच पाहिजे.

"दहा मिनिटांचं काम" याला माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. मी आमच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर केलं तेव्हा अर्धा तास नुसती जमीन बघण्यात गेला. अंगण सपाट वाटतं पण पाणी गटाराकडं जावं म्हणून उतार काढलेला असतो. गवंडी लोक वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून बघितलं तर ५ मीटरला तब्बल ४ सेंटीमीटर उतार निघाला! आपल्याला ५ मीटरवर रेघ ५ सेंटीमीटर खाली पाहिजे, आणि त्यातले ४ उतारच खाऊन टाकतोय, मग सेटिंग कसलं. शेवटी गाडी शेजारच्या गोडाऊनच्या कोब्यावर नेली. चारी टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी, ड्रायव्हर सीटवर भावाला बसवलं, दिव्याच्या मध्याची उंची टेपनं मोजली, भिंतीवर ५ सेंटीमीटर खाली काळी चिकटपट्टी लावली, डिप्पर चालू, एक दिवा जाड कापडानं झाकून दुसरा बघायचा. स्क्रू पाव पाव फेरा फिरवायचा आणि प्रत्येक वेळी भिंत बघायची.

आणि स्क्रू कुठला ते आधी बघा. बहुतेक दिव्यांना दोन असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडं. मेसेजमध्ये सरसकट "स्क्रू फिरवा" लिहिलंय. आपल्याकडच्या दिव्याची रेघ उजवीकडं सपाट असते आणि डावीकडं वर चढते, कारण उजवीकडून समोरची गाडी येते आणि डावीकडं साइडपट्टी, चालणारी माणसं, बैलगाडी. तो चढ उजवीकडं सरकला की समोरच्याच्या डोळ्यात गेलाच. आणि हाच डावा चढ तुम्हाला ट्रॉली दाखवतो! म्हणजे ट्रॉली दिसायला पाहिजे असेल तर फोकस वर नाही, तो चढ जागेवर पाहिजे आणि काच स्वच्छ पाहिजे. पिवळी पडलेली काच पॉलिश केल्यावर मला जो फरक पडला तो कुठल्या स्क्रूनं पडला नसता. बाकी ८० च्या स्पीडला गाडी थांबायला सत्तरएक मीटर लागतात, डिप्परचा उजेड तेवढाच, तर रस्त्यावर ट्रॉल्या असताना डिप्परवर ६० च्या वर मी जात नाही.

"कुठल्याही नवीन गाडीला" हे तर सरळ धोक्याचं. ज्या गाड्यांत फोकस आपोआप खाली-वर होतो त्यांना चाकच नसतं, सस्पेन्शनला सेन्सर असतो, आणि त्याचं शून्य बऱ्याच वेळा गॅरेजमधला स्कॅनर लावूनच ठरवावं लागतं. तिथं घरी भिंतीवर फक्त तपासा, पाना लावू नका. साधा हॅलोजनचा दिवा असेल आणि त्यात बाजारातला एलईडी बल्ब घातला असेल तरी स्क्रूला हात लावून उपयोग नाही, उजेड मुळातच विस्कटलेला असतो, आधी मूळ बल्ब परत बसवा.

मेव्हण्याची गाडी रविवारी त्याच गोडाऊनसमोर लावली. डावा दिवा ५ मीटरवर तब्बल ३ सेंटीमीटर वर होता, उजवा तर उजवीकडं पण सरकलेला. दोन्ही खाली आणले, उजव्याचा चढ जागेवर घेतला, चिकटपट्टी तशीच ठेवलीय, पुढच्या महिन्यात त्याचे मागचे शॉकअप बदलायचेत, त्यानंतर परत बघावं लागणार.