मैदान सारखं असतं, पट नसतो

तालुक्याच्या शालेय स्पर्धा संपल्या की दरवर्षी एक मजकूर शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतो. यंदा तर तीन ग्रुपवरून आला. म्हणणं असं: ठरावीक दोन-तीन शाळाच जिंकतात म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी आपल्या लेकरांकडून घाम गाळून घ्यावा. मैदान सारखं, नियम सारखे. बीडचा धावपटू अविनाश साबळे सहा किलोमीटर पायी शाळेत जायचा, त्याने कुठे सवलत मागितली? आणि लहान शाळांना वेगळा गट दिला तर खेळाचा दर्जाच घसरेल. खाली कुणीतरी धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेंचंही नाव जोडलंय.

मी धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. मुलींचा कबड्डी संघही मीच नेतो, कारण खेळाचे सर आमच्याकडे नाहीत.

“मैदान सारखं.” चुन्याच्या रेषांच्या आत हे खरं आहे. पण संघ बारा जणींचा, आणि आमच्या आठवी ते दहावीत मुली एकतीस. त्यातल्या काहींना घरून परवानगी नसते, काहींना संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची असते. उरतात तेरा-चौदा. म्हणजे आम्ही संघ निवडत नाही, गोळा करतो. गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात समोर निवासी शाळा आली. तिथे जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यांतून दाखले काढून खेळाडू आणलेल्या, आणि निवडायला तीनशे मुली. मुलींवर माझा राग नाही. चांगली सोय मिळत असेल तर कोण जाणार नाही? पण सामना मॅटवर होता. आमच्या चढाईवालीने आत जायच्या आधी वाकून मॅटला बोट लावून पाहिलं. तिने मॅट तेव्हा पहिल्यांदाच पाहिली होती. पायात मावसबहिणीचे बूट, एक नंबर मोठे. मध्यंतरापर्यंत आमच्यावर तीन लोण चढले होते, म्हणजे अख्खा संघ तीनदा बाद.

“सराव करत नाहीत.” कोण करून घेणार? शिक्षण हक्क कायदा, २००९ चं परिशिष्ट वाचा. सहावी ते आठवीचा पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, शंभरावर असेल तरच शारीरिक शिक्षणाचा निदेशक, तोही अर्धवेळ. म्हणजे शाळा लहान असेल तर खेळाचे सर नसणं हे कायद्यातच बसतं. उरला वेळ. सप्टेंबर सरता सरता सोयाबीनच्या राशी सुरू होतात, निम्मा वर्ग रानात. दसरा-दिवाळीच्या आसपास उचल म्हणून आगाऊ पैसे घेतलेल्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. हंगामी वसतिगृहात सगळ्याच मुली थांबत नाहीत. कुणीतरी कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला लागतं. त्या परततात मार्च-एप्रिलात. आमचं कबड्डीचं वर्ष चार महिन्यांचं असतं.

“साबळेला बघा.” बघतोच की, अभिमानानं बघतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्यपदक घेऊन आला. पण तो बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्टीपलचेसकडे वळला तो तिथेच. शिवाय धावणारा एकटा धावतो, कबड्डीला सात लागतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अशीच एक कथा आहे. १९५४ मध्ये मायलन गावच्या १६१ मुलांच्या शाळेने मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला ३२-३० ने हरवून राज्याचं बास्केटबॉल विजेतेपद घेतलं. ही कथा तिथे अजून सांगतात. तरीही १९९७ नंतर त्या राज्याने पटसंख्येनुसार गट केलेच, कारण मायलन रोज घडत नाही.

सारिका काळेंच्या बाबतीत मात्र मजकुरात तथ्य आहे, ते मान्य करतो. खो-खोला दोन खांब आणि सपाट जमीन पुरते. धाराशिवने त्यात नाव कमावलं, काळेंना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणूनच मी खो-खोत वेगळा गट मागत नाही. जिथे साहित्य आणि पट सामना ठरवतात, तिथे मागतो.

“दर्जा घसरेल.” अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात ज्या शाळांना प्रवेशासाठी हद्दीचं बंधन नाही, त्यांच्या पटाला गट ठरवताना १.६५ ने गुणतात. बाहेरून खेळाडू घेता येतात ना, मग वरच्या गटात खेळा. गणिताच्या मास्तरला हे भारी आवडलं. आपल्याकडे एवढं नको. हरलेल्या संघांची एक दुसरी फेरी ठेवली तरी चालेल. आज बाद पद्धतीत मुलींच्या कबड्डीत पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव हरले की वर्ष संपलं. तेवढ्यात कुणाचा दर्जा वाढतो?

त्या दिवशी आम्ही साडेअकराला हरलो. क्रूझर जीप दिवसभराच्या भाड्याने केलेली, ड्रायव्हर जेवायला गेलेला. शेजारच्या तालुक्यातली एक शाळाही अशीच हरून लिंबाखाली बसली होती. पोरींनी आपसात ठरवलं आणि मैदानामागच्या मोकळ्या रानात चपलांच्या रेषा केल्या. पंच मीच. पावणेतीनपर्यंत खेळल्या, अनवाणी. दोनदा रेषेवरून भांडण झालं, एकीचा गुडघा फुटला, आणि सकाळी मॅटवर गप्प झालेली आमची चढाईवाली एका चढाईत तिघींना बाद करून आली. शेवटी २६-२४. कोण जिंकलं ते लिहीत नाही. त्यांचे सर म्हणतात की शेवटचा बोनस गुण मी आमच्या बाजूने दिला.