खुलासा: वेगा सिसिलियाची प्रत्येक वाइन दहा वर्षं मुरवलेली नसते

'स्पेनच्या वेगा सिसिलिया समूहाची प्रत्येक वाइन दहा वर्षं मुरवूनच विकतात' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

दहा वर्षांच्या आसपास थांबायला लावते ती फक्त 'ऊनिको', आधी लाकडी पिंपांत, मग बाटलीत. त्याच मळ्यातली 'वालबुएना 5' द्राक्षतोडणीनंतर पाचव्या वर्षी येते. तिच्या नावातला 5 त्याचाच. 1864 साली स्पेनच्या रिबेरा देल दुएरो या वाइनच्या भागात सुरू झालेली वेगा सिसिलिया ही वायनरी (वाइन बनवणारी कंपनी) 1982मध्ये आल्वारेस कुटुंबाने घेतली. पुढे समूहात 'आलिऑन', स्पेनच्याच तोरो भागातली 'पिंतिया' आणि हंगेरीच्या तोकायमधली 'ओरेमुस' या वायनरी जोडल्या गेल्या. ओरेमुसची प्रसिद्ध गोड वाइन तर बुरशीने सुकलेल्या द्राक्षांची! सगळ्यांना एकच नियम लावणं या मेहनतीवर अन्याय आहे.

लेबलवर तोडणीचं वर्ष छापलेलं असतं, तेच पाहा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.