गाणं संपायच्या आत मत द्या

संगीतावर बोलायचं तर आधी संगीत ऐकावं लागतं, ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे. तिच्यापायी कितीतरी होतकरू जाणकार वाया गेले. एक अल्बम नीट ऐकायचा म्हणजे पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात जरा चपळ माणूस सहा अल्बम मोडीत काढतो आणि सातव्याला 'अंडररेटेड' ठरवून मोकळा होतो. स्पॉटिफायच्या हिशोबात गाणं ३० सेकंद वाजलं की ते ऐकलं गेलं असं धरतात. कलाकाराची कमाई ज्या मापाने मोजली जाते, ते माप तुमच्या मताला चालायला काय हरकत आहे? तीस सेकंद पुष्कळ झाले. शिवाय आवाज लागायच्या आधीचे पहिले दहा तुम्हाला पुढचं वाक्य जुळवायला मिळतातच.

मत कसं द्यावं, हे मात्र शिकून घ्यावं लागतं. पहिली गोष्ट काळाची. कुठल्याही कलाकाराचा पहिला अल्बम सर्वांत चांगला. त्याहून चांगला म्हणजे पहिल्याच्याही आधीचा, जो फक्त कॅसेटवर निघाला होता आणि जो आज तुमच्याशिवाय कोणाकडेच नाही. मग घसरण. ती नेमकी कधी सुरू झाली हे ओळखायची खूण सोपी आहे: ज्या दिवशी तो कलाकार तुमच्या मेहुण्याला आवडायला लागला, तो दिवस.

या शास्त्रातला आदर्श पुरुष आपल्याला १७ मे १९६६ च्या रात्री मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये भेटतो. आदल्या वर्षी अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात लोकगायक बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली आणि भक्तांच्या भावना दुखावल्या. मँचेस्टरला तो पुन्हा तसाच बँड घेऊन उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांतून कोणीतरी 'जूडास!' म्हणून ओरडलं. शब्द एकच, पण चालीबद्दल अवाक्षर नाही, तालाबद्दल नाही, शब्दांबद्दल तर नाहीच. आरोप थेट ख्रिस्ताला विकल्याचा. टीका करावी तर अशी. पुढे या मैफलीचं चोरटं ध्वनिमुद्रण हातोहात फिरलं, तेसुद्धा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने. म्हणजे वर्षानुवर्षं रसिक त्या रात्रीवर तावातावाने बोलत होते आणि गावच चुकलेलं होतं. १९९८ साली अधिकृत आवृत्ती निघाली तेव्हा कंपनीने ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत घालून तसंच ठेवलं. यातून तुम्ही एवढंच घ्या, की तपशील चुकल्याने मताला काही इजा होत नाही. २०१६ मध्ये त्याच डिलनला नोबेल मिळालं, तरी घाबरायचं कारण नाही. 'नोबेलनंतर त्याच्यात ती बात राहिली नाही' हे वाक्य खिशात तयार असू द्या.

काळाबद्दल बोलताना एक सुस्कारा हमखास लागू पडतो: 'हल्ली लोकांना धीर नाही, तीन मिनिटांत गाणं उरकतात.' हे म्हणताना नजर दूर कुठेतरी असावी आणि सुवर्णयुगाचा उल्लेख यावा. त्या सुवर्णयुगातली दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजायची, हे कोणी काढू लागलं तर विषय बदला. १९०२ साली गायिका गौहर जानने कोलकात्यात ध्वनिमुद्रणं केली तेव्हा तासभर चालू शकणारी गायकी तिला त्या तीन मिनिटांत बसवावी लागली. त्यातूनही काही सेकंद काढून ती शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत असे, कारण तबकड्या घडत होत्या जर्मनीत आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळायला हवं. आज हे कोणी केलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं, ते मला पाठ आहे.

अल्बमबद्दल मात्र वेगळा सूर लावायचा. अल्बम ही अखंड कलाकृती आहे, गाण्यांचा क्रम पवित्र आहे, आणि 'शफल' करणारा माणूस कादंबरीची पानं फाडून वाचणारा आहे, असं ठणकावून सांगा. पहिल्या बाजूच्या शेवटी ते हळवं, एकटं गाणं का येतं, यावर तर पानंच्या पानं लिहिता येतात: कलाकाराचा विरह, मधल्या शांततेचा अवकाश, जमलंच तर मृत्यूची चाहूल. आता, १९४८ साली आलेल्या एलपी तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटंच नीट मावत. शिवाय सुई मध्याकडे सरकते तसं वर्तुळ लहान होत जातं. फिरण्याचा वेग तोच, पण सुईखालून जाणारी लांबी कमी. त्यामुळे तिथे झांजा आणि 'स'कार फाटतात. म्हणून दणदणीत गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं आतल्या टोकाला, अशी मांडणी करायची रीत पडली. म्हणजे मृत्यूची चाहूल बऱ्याचदा प्लास्टिकच्या भूमितीतून आलेली असते. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्या विरहांपेक्षा जास्त सुंदर वाटते, पण असं चारचौघांत बोलायचं नसतं.

ऊब, खोली, हवा. हे तीन शब्द घोकून ठेवा. ध्वनीच्या गुणवत्तेवर बोलणाऱ्याला चौथा लागत नाही. समोरच्याने आपल्याला काही ऐकू येत नसल्याचं कबूल केलं तर त्याच्याकडे दयेने पाहायचं, बस. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम १९५९ सालचा. त्याच्या पहिल्या बाजूचं मुद्रण झालं तेव्हा टेपचं यंत्र जरा हळू फिरत होतं. साहजिकच ते योग्य वेगाने वाजवल्यावर सूर किंचित चढे लागायचे. ही चूक दुरुस्त होऊन आवृत्ती निघाली १९९२ मध्ये. तोवर तीस वर्षांहून अधिक काळ जॅझच्या भक्तांनी त्या चढ्या सुरांत मोक्ष पाहिला होता, आणि कित्येक वादकांनी त्या तबकडीबरोबर वाजवायला बसून आपलंच वाद्य बेसूर आहे असं मानलं असणार. आता तुम्ही काय करायचं? दुरुस्त आवृत्ती लागली की कपाळाला आठी घाला आणि म्हणा, 'यातली ऊब गेली.' २०२२ मध्ये उघडकीस आलं की शुद्ध ॲनालॉग म्हणून पूजल्या जाणाऱ्या तबकड्यांच्या काही महागड्या आवृत्त्या (जाणकारांच्या भाषेत 'प्रेसिंग') बनवताना मध्ये एक डिजिटल पायरी होती. सोन्याच्या कानांना ती कित्येक वर्षं ऐकू आलेली नव्हती. अशा प्रसंगी गडबडून जायचं नाही. 'मला शंका होतीच' एवढं पुरतं.

आवाज फार स्वच्छ असला तर 'निर्जीव', खरखर असली तर 'प्रामाणिक'. ऑटोट्यून ऐकू आलं तर 'आत्माच नाही' म्हणायचं. ऐकू आलं नाही तर, 'काय गळा आहे!' चुकलेला सूर दुरुस्त करणारं हे सॉफ्टवेअर १९९७ साली ज्याने बाजारात आणलं तो अँडी हिल्डेब्रँड आधी भूगर्भातल्या लहरींवरून तेल शोधण्याच्या कामात होता. ही माहिती योग्य वेळी टाकली तर गाण्याविषयी एक शब्द न बोलता पाच मिनिटं खाता येतात.

मैफलीत तर फारच सोपं आहे. शास्त्रीय गायन चालू असेल तर समेच्या अर्धी मात्रा आधी मान डोलवा, म्हणजे सम येणार हे तुम्हाला कळलं होतं हे शेजारच्यांना कळेल. समेवर दाद देणारे पुष्कळ असतात, आपण त्यांच्यापुढे असावं. पाश्चात्य अभिजात संगीताला गेलात तर दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवणाऱ्या अजाण माणसाकडे मान वळवून पाहणं हे तुमचं मुख्य काम. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टच्या सिंफनीच्या पहिल्या भागात, तो चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोझार्टने वडिलांना पत्रात कळवलं की ती जागा लोकांना आवडणार हे ठाऊक होतं, म्हणून ती त्याने शेवटी पुन्हा घातली. कार्यक्रमानंतर खुशीत त्याने आइस्क्रीमही खाल्लं. त्याला कोणीतरी मान वळवून पाहायला हवं होतं.

सर्वांत सुरक्षित रचना कोणती विचाराल, तर अमेरिकन संगीतकार जॉन केजची १९५२ सालची, जिच्यात वादकाने चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीही वाजवायचं नसतं. तिच्याबद्दलही 'पहिल्या प्रयोगातली शांतता वेगळीच होती' असं म्हणता येतं, आणि ते खोडणार कोण?

'मी सगळ्या प्रकारचं ऐकतो' हे वाक्य मात्र तोंडातून कधी निसटू देऊ नका. तुमचा एक प्रकार हवा, त्याचा पोटप्रकार हवा आणि त्या पोटप्रकारात कोण बसत नाही याची यादी तोंडपाठ हवी. १९८९ साली ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला. मेटॅलिका हा मेटलचा बडा बँड मंचावर वाजवून गेला आणि बक्षीस मिळालं जेथ्रो टल या बँडला, ज्याचा म्होरक्या बासरी वाजवतो. जेथ्रो टलच्या रेकॉर्ड कंपनीने मग जाहिरात केली की बासरी हे जड आणि धातूचंच वाद्य आहे. या एका निकालाने मेटलवाल्यांना जेवढं पुरलं तेवढं एखाद्या चांगल्या अल्बमनेसुद्धा पुरलं नसतं. इतकी वर्षं झाली, अजून पुरतंय.

आणि नावडता प्रकार? त्याच्यावर तर खरी मेहनत घ्या. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये दोन बेसबॉल सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्डींनी भरलेलं खोकं मैदानात स्फोटाने उडवण्यात आलं. हजारो लोक मैदानात घुसले, जाळपोळ झाली, दुसरा सामना खेळलाच गेला नाही आणि यजमान संघाला तो सोडून द्यावा लागला. लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींत डिस्कोशी संबंध नसलेल्या, केवळ कृष्णवर्णीय कलाकारांच्या म्हणून आलेल्याही पुष्कळ होत्या, असं त्या दिवशी तिथे काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाने नंतर सांगितलं. तुम्ही इतकं उघड होऊ नका. 'या गाण्यांना काही दर्जा नाही' म्हणायचं. ती कोण ऐकतं, कुठल्या वस्तीत वाजतात, कोणाच्या लग्नात लागतात, हे आपोआप त्यात येतं. लहान मुलींना आवडणारं संगीत तर वाईट असतंच. बीटल्ससाठी किंचाळणाऱ्या पोरींना १९६४ मध्ये शहाण्या माणसांनी असंच हसून घेतलं होतं. आज त्याच रेकॉर्डींच्या मोनो आणि स्टीरिओ मिश्रणांतला फरक सांगत दाढ्या कुरवाळणारे पुरुष दिसतात, आणि पोरींचं नावही निघत नाही. त्यांचं ऐकणं चुकलं नव्हतं. फक्त त्यांनी ते फार लवकर आणि फार मोठ्याने केलं. (शिकागोतही डिस्को संपला नाही. काही वर्षांत त्याच शहरात त्याच्यातून 'हाउस' नावाचं नाचाचं संगीत उभं राहिलं. ते जगभर पसरल्यावर त्याचेही शुद्धतावादी निघाले, हे सांगायला नकोच.)

गुण देताना दशांश चिन्ह विसरू नका. 'छान आहे' म्हणणारा ऐकणारा ठरतो, '७.८' म्हणणारा परीक्षक. आठ का नाही, असं विचारलं तर 'दुसरी बाजू जरा सैल आहे' म्हणावं, कारण दुसरी बाजू कोणी ऐकलेली नसते. उतरंडी लावायची संधी सोडू नका. 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने २००३ मध्ये पाचशे सर्वोत्तम अल्बमची यादी केली तेव्हा बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पहिला होता. २०२० च्या यादीत तो चोविसावा, आणि पहिला मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन'. मधल्या सतरा वर्षांत दोन्ही अल्बममधला एकही सूर हललेला नाही. हलले ते मत देणारे. पण तुम्ही यादीवर भांडा, सुरांवर भांडायला पुन्हा ऐकावं लागेल.

एक धोका मात्र राहतो. कधीतरी बेसावध असताना एखादं गाणं आवडून जातं. तेसुद्धा तुमच्या दर्जाला न शोभणारं: सोपा ठेका, चार सूर, शब्द तर बालवाडीतले. तुम्ही ते पुन्हा लावता, मग पुन्हा. अशा वेळी लगेच प्रायव्हेट सेशन सुरू करा, म्हणजे निदान ओळखीच्यांना दिसणार नाही. पकडले गेलात तर 'प्रॉडक्शनचा अभ्यास करतोय' म्हणा. तेही जमलं नाही तर 'गंमत म्हणून ऐकतोय' आहेच, फक्त ते म्हणताना पाय ठेका धरत नाहीये ना, तेवढं बघा.

आणि समोरच्याने हेडफोन काढून सरळ विचारलंच, 'आवडलं का रे तुला?', तर उत्तर देऊ नका. विचारा, 'कुठलं प्रेसिंग?'