सी. डी. देशमुखांवरचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

आमच्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर दर १४ जानेवारीला, चिंतामणराव देशमुखांच्या जयंतीला, एक मेसेज फिरतो. यंदा तो तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: सी. डी. देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर आणि देशाचे पहिले अर्थमंत्री, हाडाचे बँकर, निवडणूक कधीच लढले नाहीत, नेहरूंनी थेट मंत्री केलं, मुंबईसाठी त्यांनी राजीनामा दिला, म्हणून मुंबई महाराष्ट्राला मिळाली, पुढे त्यांना अडगळीत टाकलं. पाठवणाऱ्यांच्या मनात आदरच आहे, माझ्याही आहे. पण आदरापोटी का होईना, चुकीची माहिती नातवंडांच्या हाती जावी हे मला पटत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर १९३५ साली आलेले ऑस्बोर्न स्मिथ. दुसरे जेम्स टेलर. देशमुख तिसरे, आणि पहिले भारतीय. मेसेजमधून नेमका 'भारतीय' हा शब्द गळला आहे, आणि सगळं मोल त्या शब्दात आहे. साल १९४३. महायुद्ध चालू, 'चले जाव'नंतर पुढारी तुरुंगात, आणि अशा वेळी चलनाची किल्ली एका कोकणी माणसाच्या हाती आली. आजोबांच्या ट्रंकेत दोन रुपयांची एक जुनी नोट होती. एका बाजूला सहाव्या जॉर्जचा मुखडा, आणि त्याच नोटेवर गव्हर्नर म्हणून सही सी. डी. देशमुखांची. लहानपणी आम्ही ती उजेडाकडे धरून ती सही पुन्हा पुन्हा वाचायचो.

अर्थमंत्रीही ते तिसरे. आधी षण्मुखम चेट्टी, मग जॉन मथाई. नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून मथाई बाहेर पडले आणि जून १९५० मध्ये त्यांच्या जागी आले ते त्याच आयोगाचे सदस्य असलेले देशमुख.

'हाडाचे बँकर' हे अर्धंच खरं. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा माणूस मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकला आणि १९१८ साली आयसीएसमध्येही, म्हणजे ब्रिटिशांच्या प्रशासकीय सेवेच्या परीक्षेतही, पहिला आला. पुढची वीसेक वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या प्रशासनात गेली. रिझर्व्ह बँकेत पाऊल ठेवलं ते १९३९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. नंतरची दहा वर्षं मात्र विलक्षण. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी जिथे ठरले, त्या ब्रेटन वूड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात ते होते. फाळणी झाल्यावर जून १९४८ अखेरपर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणूनही रिझर्व्ह बँकच काम पाहत होती. दोन देशांत बँकेची वाटणी झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही गव्हर्नर तेच.

आता निवडणुकीचं. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. मंत्री झाले तेव्हा ते निवडून आलेले नव्हते, हे खरं. पण १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. काही जण त्यात 'मुंबईतलं कुलाबा' असं घुसडतात. तेही चूक. हा कुलाबा म्हणजे अलिबाग-पेणचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून पडलेलं ते नाव. माझे आजोबा त्याच भागातले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. "बैलजोडीच्या पेटीत टाकलं, आपला रोह्याकडचा देशमुख म्हणून," असं ते सांगायचे. त्यांच्यासारख्यांनी रांगेत उभं राहून दिलेली मतं आपण 'निवडणूक लढलेच नाहीत' म्हणून एका ओळीत पुसून टाकतो.

त्या मतांचं त्यांनी काय केलं, याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती ते अर्थमंत्री असताना. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडायचं बंधन कायद्यातच होतं. मी तालुक्याच्या ज्या शाखेत कारकून म्हणून लागलो, तिथे बाजाराच्या दिवशी डोक्यावरची पाटी दाराशी उतरवून, कमरेचा बटवा सोडून नोटा मोजायला देणाऱ्या बायका मी रोज पाहिल्या. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरणही त्यांच्याच काळातलं, जानेवारी १९५६ चं.

राजीनाम्याबद्दल. मुंबई केंद्रशासित करायला त्यांचा विरोध होता, हे निर्विवाद. पण जुलै १९५६ मध्ये लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी आणखी दोन गोष्टी मांडल्या. एक, एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चेला न आणता पंतप्रधानांनी जाहीर केला. दोन, मुंबईतल्या पोलीस गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. मेसेजमध्ये फक्त अस्मितेची गोष्ट उरते. संसदीय शिस्तीसाठी पद सोडणारा खासदार त्यात दिसतच नाही. आणि 'त्यामुळेच मुंबई मिळाली' म्हणणं हा हुतात्म्यांवर अन्याय आहे. केंद्रशासित मुंबईचा बेत त्याच वर्षी मागे पडला खरा, पण वाट्याला आलं ते द्वैभाषिक मुंबई राज्य. मुंबईसह महाराष्ट्र व्हायला १ मे १९६० उजाडावा लागला. मधली चार वर्षं लोक रस्त्यावर लढले.

राहिली अडगळ. राजीनाम्यानंतर त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, १९६२ पासून पाच वर्षं दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, १९७५ मध्ये पद्मविभूषण. १९६९ साली तर स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. गिरी निवडून आले, संजीव रेड्डी दुसरे आणि देशमुख तिसरे. या निवडणुकीत खासदार-आमदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं. त्यांच्या पारड्यात पडलेलं एकूण मतमूल्य होतं १,१२,७६९.